समोरून होडी आली तर वळायचं कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बामणोलीच्या बाजूला तुमची अठरा फुटी फायबरची होडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत वासोटा किल्ला बघायला आलेली माणसं घेऊन परत येताना डोंगराच्या सोंडेला वळसा घालताना समोरून दुसरी होडी आली. तुम्ही तुमच्या डावीकडे घेतली, त्यानं त्याच्या उजवीकडे, आणि दोघं एकाच बाजूला गेलात. माणसं वाचली, फायबर फाटलं. तो म्हणतो चूक तुमची, तुम्ही म्हणता त्याची. पाण्यावर वाट कुणी कुणाला द्यायची, आणि आपण कुठं वळणार हे समोरच्याला कळवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी जावळीचाच. बावीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, शेवटची सहा कॅप्टन म्हणून. आता गावी असतो आणि भाच्याची होडी अधूनमधून चालवतो. त्यामुळं जहाजावरचं आणि शिवसागरावरचं, म्हणजे आपल्या कोयना धरणाच्या जलाशयावरचं, दोन्ही थोडं थोडं सांगू शकेन.

आधी डावं-उजवं. तुम्ही डावीकडे का वळलात ते मला पक्कं ठाऊक आहे. मेढ्याहून केळघर घाटानं महाबळेश्वरला जाताना समोरून एसटी आली की हात आपोआप स्टेअरिंग डावीकडे ओढतात. वीस वर्षं रस्त्यावर हेच केलेलं असतं. पाण्यावर नेमकं उलटं आहे. इंजिनाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या तर दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळायचं, म्हणजे एकमेकींच्या डाव्या कुशीला डावी कूस ठेवून त्या निघून जातात. जगभर समुद्रावर हाच नियम आहे. १९७२ साली ठरलेले आणि १९७७ च्या जुलैपासून लागू झालेले टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतला हा चौदावा. तुमच्यासमोरचा माणूस पूर्वी कोकणात मच्छीमार लाँचवर होता असं तुम्हीच लिहिलंय. त्याच्या हातात पाण्याची सवय होती, तुमच्या हातात घाटाची.

मला हसू नका, पण निवृत्तीनंतर पहिल्यांदा तापोळ्याच्या बाजूला भाच्याची होडी घेऊन गेलो तेव्हा मीही डावीकडे ओढली. बावीस वर्षं जहाजावर उजवीकडे वळण्याचे हुकूम दिले, पण ते तोंडानं. सुकाणू दुसऱ्याच्या हातात असायचं. माझ्या स्वतःच्या हातांना फक्त माझी जुनी मारुती माहीत होती. म्हणून नियम नुसता वाचून भागत नाही. रिकाम्या पाण्यात होडी नेऊन कुणाला तरी ‘समोर!’ असं ओरडायला सांगा आणि दर वेळी उजवीकडे घ्या. पन्नास वेळा केलं की हात शिकतात. तुमच्या आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागं बाहेरून बसवलेल्या इंजिनाला, चाक नसून दांडा असेल तर आणखी एक घोटाळा आहे: दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. घाबरलेला माणूस जिकडं जायचं तिकडंच दांडा ढकलतो.

समुद्राचे हे नियम कायद्यानं शिवसागरला लागू आहेत का? नाहीत. ते खुल्या समुद्राला आणि त्याला जोडलेल्या, समुद्री जहाजं जाऊ शकतील अशा पाण्याला लागू होतात. कोयनेच्या जलाशयात कुठलं जहाज येणार? आपल्याकडच्या पाण्याला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, जो १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्याखालचे नियम आणि तुमच्या परवान्यावरच्या अटी आधी पाळायच्या. पण समोरच्याला वाट देण्याची मुळाक्षरं सगळीकडे जवळपास तीच आहेत, आणि कोकणातून आलेला खलाशीही तीच शिकून आलेला असतो. ‘आमच्या धरणात आमचं चालतं’ म्हटलं तर काय होतं ते तुम्ही दिवाळीत पाहिलं.

आता खरा मुद्दा. तुम्ही लिहिलंय, ‘मी इशारा करणार तेवढ्यात तो आदळला.’ पाण्यावर इशारा करायचं पहिलं साधन हात नाही, भोंगा नाही, दिवाही नाही. होडीचं नाक आहे. समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही, हात दिसत नाही. पण तुमचं नाक एकदम उजवीकडे फिरलं आणि त्याला तुमची पूर्ण डावी कूस दिसली, तर तीन वर्षांच्या पोरालाही कळतं की ही होडी कुठं निघाली. म्हणून वळायचं ते लवकर आणि ठसठशीत. जहाजावर नव्या पोरांची नेहमीची खोड असते: समोर जहाज दिसलं की पाच अंश वळायचं, मग थोड्या वेळानं आणखी पाच. समोरच्या अधिकाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं हा आपला सरळच येतोय. हे किरकोळ किरकोळ वळणं टाळावं असं नियमात स्पष्ट म्हटलेलं आहे. होडीवर मी म्हणेन, वळायचं तर निदान तीस-चाळीस अंश वळा, समोरचा मागं पडेपर्यंत तसेच जा, मग पुन्हा वाटेला लागा. इंधन चमचाभर जास्त जाईल.

आणि एकदा वळलात की मन बदलू नका. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं कशी एकाच बाजूला झुकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी हसत छातीला छाती लागते? पाण्यावर हसायला वेळ नसतो. हिशेब करून बघा. तुमचा वेग ताशी वीस किलोमीटर, त्याचाही वीस. दोघं मिळून चाळीस, म्हणजे सेकंदाला साधारण अकरा मीटर. दोनशे मीटरवर दिसला तर अठरा सेकंद मिळतात. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे तो सोंडेआडून पन्नास-साठ मीटरवर दिसला, म्हणजे तुमच्याकडे पाच सेकंद होते. पाच सेकंदांत दोन माणसांनी मनं जुळवायची, तीही एकमेकांशी न बोलता. ते जमलं नाही यात नवल नाही.

तुमच्यासारखाच प्रसंग १९५६ च्या २५ जुलैला अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला घडला होता. ‘आंद्रेआ डोरिया’ हे इटलीचं प्रवासी जहाज न्यूयॉर्कला चाललं होतं, ‘स्टॉकहोम’ हे स्वीडनचं तिकडून येत होतं. रात्र होती, धुकं होतं, दोघांकडे रडार होतं आणि दोघांनी एकमेकांना रडारवर पाहिलेलं होतं. इटलीचं जहाज अंतर वाढावं म्हणून थोडंसं डावीकडे सरकलं, स्वीडनचं उजवीकडे वळलं. ५१ माणसं गेली, आणि एवढं मोठं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी बुडालं. आम्हाला शिकवताना हे उदाहरण दिलं जायचंच. त्यावर पुढं पुष्कळ वाद झाले, पण मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की डावीकडची ती सरक इतकी लहान होती की समोरच्याच्या लक्षातच आली नाही.

टक्कर होणार की नाही हे आधी ओळखायचं कसं? याला एक जुनी युक्ती आहे आणि आपल्याकडे डोंगर असल्यानं ती फार सोपी पडते. आपली होडी सरळ चालू ठेवायची आणि दुसरी होडी लांबच्या डोंगरासमोर कुठं दिसते ते बघायचं. ती त्या डोंगरावर पुढं सरकताना दिसली तर ती तुमच्या पुढून जाणार. मागं पडताना दिसली तर तुमच्या मागून. पण ती एकाच झाडावर, एकाच कड्यावर चिकटून राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर ती तुमच्यावर येतेय. डोंगर लांबचा हवा, पलीकडचा काठ जवळ असेल तर फसगत होते. तसं असेल तर छताचा खांब वापरा: डोकं न हलवता दुसरी होडी खांबाच्या मागं धरा, आणि ती तिथंच राहते का बघा. गाड्या वाहणाऱ्या तराफ्याच्या बाबतीत मात्र यावर विसंबू नका. तो इतका लांब-रुंद असतो की त्याचं एक टोक सरकताना दिसलं तरी दुसरं टोक तुम्हाला गाठू शकतं.

आडवं येणाऱ्याचा नियम. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा दिसतो, त्यानं वाट द्यायची. शक्य असेल तर त्याच्या पुढून घुसायचं नाही. वेग कमी करून किंवा उजवीकडे वळून त्याच्या पाठीमागून जायचं. त्याच्या मागच्या टोकावर नाक रोखलंत की त्याला लगेच कळतं की तुम्ही त्याला सोडताय. ज्याला वाट मिळायची आहे त्यानं काय करायचं? आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा. यालाच लोक चुकतात. सौजन्य म्हणून तो थांबतो, इकडं वाट देणारा त्याच्या पाठीमागून जायला वळलेला असतो, आणि त्याची पाठ तिथून हलतच नाही. पाण्यावर ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करायचं नाही. अर्थात वाट देणारा झोपलाय असं दिसलं तर हट्टानं सरळ जात राहायचं नाही. पाच छोटे भोंगे द्यायचे आणि स्वतःला वाचवायचं. फक्त तेव्हा, तो डावीकडून येत असेल तर, त्याच्या दिशेनं म्हणजे डावीकडे वळू नये.

मागून ओलांडून जाणाऱ्याचं सोपं आहे: जो ओलांडतो, सांभाळायची जबाबदारी त्याची, पूर्ण पुढं निघून जाईपर्यंत. इथं आपल्याकडची खरी अडचण टकरीची नसते, लाटेची असते. पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण रेसवर घेऊन तुम्ही गावच्या वल्ह्याच्या होडीला दहा मीटरवरून ओलांडलंत तर तुमची लाट तिच्यात पाणी भरते. त्या होडीत बहुधा दोन बायका, किराणा आणि एखादी शेळी असते. रेस कमी करा, लांबून जा.

वल्ह्याच्या होडीवरून आठवलं. लोकांना वाटतं नियमात वल्ह्याच्या होडीला पहिला मान आहे. गंमत अशी की त्या नियमांत शिडाच्या होडीला मान आहे, जाळी टाकून मासे धरणाऱ्या होडीला आहे, जिचं इंजिन बंद पडलंय तिला आहे. पण वल्ह्याच्या होडीचा वाट देण्याच्या क्रमात उल्लेखच नाही. तिथं चांगल्या खलाशाचा शहाणपणा चालतो, आणि तो सांगतो की इंजिनवाल्यानं बाजूला व्हावं. जाळ्यांचं वेगळं. आपल्याकडे जाळ्याला पाण्याच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे बांधतात. ओळीनं बाटल्या दिसल्या तर त्या कचरा नाहीत. त्यांच्या मधून गेलात तर पंख्यात जाळं अडकेल, इंजिन बंद पडेल आणि मग तुम्हीच मधोमध अडथळा होऊन बसाल.

भोंग्याचं सांगतो. बारा मीटरपेक्षा लहान होडीला मोठा भोंगा बंधनकारक नाही, पण आवाज करण्याचं काहीतरी चांगलं साधन हवंच. एक छोटा आवाज, साधारण एक सेकंदाचा: मी उजवीकडे वळतोय. दोन छोटे: मी डावीकडे वळतोय. तीन छोटे: माझा पंखा उलटा फिरतोय. पाच किंवा जास्त, भराभर: तुझं काय चाललंय ते मला कळत नाही, किंवा तू पुरेसं करत नाहीस. हे आवाज एकमेक दिसत असताना द्यायचे असतात. एक बारकावा लक्षात ठेवा. समुद्रावर एक भोंगा म्हणजे ‘मी वळतोय’, ‘वळू का?’ असं विचारणं नव्हे. अमेरिकेतल्या आतल्या नद्यांवर आणि तळ्यांवर मात्र भोंगा आधी विचारतो आणि समोरच्यानं तसाच भोंगा देऊन होकार द्यायचा असतो. आपण पहिली पद्धत घ्यावी, कारण आपल्याकडे उत्तराची वाट बघण्याइतकं पाणी रुंद नाही.

तुमच्या होडीवर ट्रकचा म्युझिकल हॉर्न आहे, असं लिहिलंय. तो काढा. त्याच्या सुरावटीत एक कुठला आणि पाच कुठले हे ऐकणाऱ्याला मोजता येत नाही. साधा एकसुरी हॉर्न लावा आणि लाइफ जॅकेटला एक शिटी बांधून ठेवा, बॅटरी गेली तरी शिटी वाजते.

आता तुमच्या त्या वळणाबद्दल, कारण तुमची टक्कर मुळात तिथं झाली. डोंगराची सोंड पाण्यात शिरलेली असते आणि पलीकडचं दिसत नाही. तिथं पोचायच्या आधी एक लांब भोंगा द्यायचा, चार ते सहा सेकंद. पलीकडे कुणी असेल तर त्यानं तसाच लांब भोंगा देऊन उत्तर द्यायचं. मग दोघांनीही वेग उतरवायचा आणि आपापल्या उजव्या काठाला राहायचं. पर्यटकांना वळणावर होडी वाकवून दाखवायची म्हणून सगळे सोंडेला घासून आतून कापतात.  सोंड तुमच्या डाव्या हाताला असेल तर तुम्हाला बाहेरून, लांबून जायचंय. उजव्या हाताला असेल तर आतून जायचंय खरं, पण अगदी चिकटून नव्हे, कारण सोंड पाण्याखालीही पुढं गेलेली असते. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना ती दिसत नाही. मार्च-एप्रिलला पाणी उतरलं की तिथंच खडक, झाडांचे बुंधे आणि बुडालेल्या गावांतल्या घरांची जोती वर येतात. उन्हाळ्यात एकदा होडी घेऊन जा आणि प्रत्येक सोंड कुठपर्यंत पोचते ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरमध्ये ते फोटो कामी येतात.

वेग कमी करण्यातही एक मेख आहे. आउटबोर्ड इंजिन पंख्याच्या जोरावर होडी वळवतं. घाबरून रेस एकदम शून्यावर आणलीत तर वळण्याची ताकदही जाते आणि होडी तशीच सरळ घरंगळत जाते. ब्रेक नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. रेस सोडली की सुकाणूही जातं हे पहिली टक्कर होईपर्यंत कळत नाही. म्हणून आधी वळा, नाक फिरलं की मग रेस उतरवा. आणि होडी वळते तेव्हा पाठ उलट बाजूला झेपावते. अगदी जवळ असताना उजवीकडे वळलात तर नाक सुटेल, पण तुमच्या मागच्या टोकानं तुम्ही त्याला फटका द्याल. तुमचं फायबर मागच्या डाव्या कोपऱ्याला फाटलंय ना? मी फोटो पाहिला नाही, पण टक्कर टळतेय असं वाटतानाच ती झाली असेल तर पैज लावतो की तिथंच असणार. शेवटच्या क्षणी तुम्ही नाक उजवीकडे मारलं असणार.

हातवाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुम्ही डावीकडे हात दाखवलात तर समोरच्यानं काय समजायचं, ‘मी तिकडं जातो’ की ‘तू तिकडं जा’? शिवाय होडीत उभं राहून हात करणं म्हणजे तोल घालवणं. एक हातवारा मात्र साऱ्या जगात एकाच अर्थाचा आहे: दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणं. त्याचा अर्थ, आम्ही संकटात आहोत. पर्यटकांना शेजारच्या होडीकडं बघून असेच हात हलवायची फार हौस असते. त्यांना आधीच सांगून ठेवा.

तुम्ही विचारलंत म्हणून दिवे. पर्यटक अंधारात न्यायचे नाहीतच. पण कांदाटी खोऱ्यातल्या गावांतून आजारी माणूस रात्री आणावा लागतो, तेव्हा दिवे लागतात. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा, आणि बारा मीटरच्या आतल्या होडीला वर एक सगळीकडून दिसणारा पांढरा. सात मीटरच्या आतली आणि ताशी सात सागरी मैलांपेक्षा, म्हणजे तेरा किलोमीटरपेक्षा, जास्त न पळणारी होडी नुसत्या पांढऱ्यावर चालवता येते. तुमची अठरा फुटी लांबीत बसते, वेगात बसत नाही. वल्ह्याच्या होडीनं निदान बॅटरी हाताशी ठेवायची आणि वेळेत दाखवायची. उजवीकडून आडवा येणारा तुम्हाला त्याचा तांबडा दिवा दाखवतो: तांबडा दिसला, वाट तुम्ही द्या. डावीकडून येणारा हिरवा दाखवतो: तुम्ही चला. समोर दोन्ही एकदम दिसले तर तो थेट तुमच्यावर आहे.

हे सगळं दिवे नीट बसवले असतील तर. एका धक्क्यावर मी पाहिलेल्या होडीला तांबडा-हिरवा जोडदिवा उलटा बसवलेला होता, कारण मिस्त्रीनं तो पुढून बघत बसवला. रात्री ती डावीकडे चाललेली असताना तुम्हाला वाटणार ती उजवीकडे चाललीय. आणि छताला ज्या तांबड्या-हिरव्या एलईडी माळा लावतात त्या तर डोक्याला तापच आहेत. धक्क्याला बांधलेली असताना लावा, चालताना बंद. मोबाइलचा टॉर्च समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. आपल्याच होडीच्या छतावर मारा, म्हणजे त्याला तुम्ही दिसाल आणि त्याचे डोळेही शाबूत राहतील.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाण्यावर जे धुकं बसतं त्यात वरचे वाट देण्याचे मान संपतात. तिथं कुणाचाच हक्क पहिला नाही, कारण ते सगळे एकमेक दिसत असतानाचे नियम आहेत. सावकाश चाला, दर दोन मिनिटांच्या आत आवाज करा, आणि मधूनमधून इंजिन बंद करून ऐका. दोन्ही बाजूंना डोंगर असल्यानं आवाज कुठून आला हे सांगता येत नाही, प्रतिध्वनी फसवतो. पुढून आवाज आल्यासारखा वाटला तर आधी थांबा. शक्य असेल तर धुकं उठेपर्यंत धक्क्यावर चहा प्या. वासोटा कुठं पळून जात नाही.

नजर ठेवण्याचं सगळ्यात कमी बोललं जातं. रेस दिली की होडीचं नाक वर उचलतं आणि समोरचं पाणी झाकलं जातं. त्यात चार जण नाकावर उभे राहून फोटो काढतात. माणसं मध्ये आणि थोडी पुढं बसवा, नाक खाली येतं. ताडपत्रीचं छत दोन्ही बाजूंनी खाली सोडू नका. आणि संध्याकाळी जो मावळतीकडे तोंड करून येतोय त्याला तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला, मग नियमानं वाट त्यानं द्यायची असली तरी.

प्रत्येक टक्कर नियम न कळल्यानं होते असंही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनची चाचणी चालू असताना ताबा सुटला, असं नौदलानं सांगितलं. स्टेअरिंगची केबल, रेसची केबल आणि इंजिन बंद करायची दोरी रोज सकाळी तपासायची ती यासाठी. कुणी नवी होडी गरगर फिरवून दाखवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा; तो स्वतःला कितीही पटाईत समजो.

सांगलीकडचे काही जण कृष्णेत होड्या चालवतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. वाहत्या पाण्यात माझा सल्ला वेगळा आहे. घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला पहिली वाट असते, हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. नदीत उलटं धरा: प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्याला थांबता येत नाही, प्रवाहाविरुद्ध चढणारा जागच्या जागी उभा राहू शकतो. म्हणून चिंचोळ्या जागी चढणाऱ्यानं थांबायचं. अमेरिकेच्या मिसिसिपीसारख्या नद्यांवर हे नियमातच आहे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हा मी चार दिवस सांगलीत होतो. गल्ल्यांचे ओढे झाले होते, प्रत्येक चौकात घराच्या कोपऱ्याआडून कधी बचावाची रबरी बोट यायची, कधी गुळाच्या काहिलीत बसून कुणीतरी. तिथं चौक म्हणजेच वळण. आम्ही प्रत्येक कोपऱ्याआधी एक लांब शिटी द्यायचो आणि माणसं भरून येणारीला आधी सोडायचो. शिट्टीनं दोनदा तरी आमची रबरी बोट वाचली.

भरलेल्या होडीचं तिथं कळलं. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आणि तिच्यात झेपतील त्याहून जास्त माणसं होती. ती टक्कर नव्हती. पण अशी भरलेली होडी टक्कर टाळायला जोरात वळवता येत नाही, वळवलीत तर ती तशीच कलंडते. तुमच्या परवान्यात जो आकडा आहे तो नुसता बसण्याच्या जागेचा नाही. त्यात तुम्हाला जोरात वळता यावं याची जागाही धरलेली आहे.

तुमच्या धक्क्यावर किती होड्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. पण पुढच्या हंगामाआधी सगळ्या नावाड्यांना एका दुपारी बसवा, सरपंच आणि तराफ्यावरची माणसंही बोलवा, आणि तीनच गोष्टी ठरवा: समोर आला तर उजवीकडे, सोंडेआधी लांब भोंगा, आणि काही कळेना तर पाच छोटे. जास्त ठरवाल तर एकही लक्षात राहणार नाही. सोंडेच्या टोकाला पिवळं पिंप तरंगत बांधून ठेवलंत तर आणखी चांगलं, परवानगी मात्र आधी घ्या.

राहिला खर्चाचा वाद. वळण्याच्या बाबतीत तो बरोबर होता आणि तुम्ही चुकलात, हे मान्य करा. पण आंधळ्या वळणावर भोंगा त्यानंही दिला नव्हता, वेग त्यानंही उतरवला नव्हता, आणि तुम्ही सांगता तसं मधोमध दोघंही होता. माझ्या हिशेबानं फायबरचं बिल तुम्ही थोडं जास्त द्यावं, साठ-चाळीस. तो ऐकत नसेल तर निम्मं-निम्मं करा आणि त्यालाच पुढच्या बैठकीत भोंग्यांचे आवाज समजावून सांगायला उभा करा. कोकणात काम केलेल्या माणसाला ते आवडेल.